टोपीखालचं कुंकू

लकडगंजातल्या आमच्या घरी काडतुसं भरायचं काम ह्यांचं आणि अंगठा फिरवायचं काम माझं. उमरेडकडच्या शेतात रानडुकरं ज्वारी लोळवायची, म्हणून परवान्याची बंदूक होती. उडालेली पितळी काडतुसं हे घरीच पुन्हा भरायचे. आधी बुडाच्या खळग्यात तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. ठिणगी पडते ती तिचीच. टोपी बुडाशी अगदी सपाट हवी, अंगठा फिरवला की कळतं. वर राहिली तर बंदूक भरून मिटतानाच बार उडायची भीती. ह्यांचा हात घाईचा, म्हणून शेवटचा अंगठा माझा, असं मी लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे संध्याकाळची एसटी गाठायच्या गडबडीत होते. पहिल्याच टोपीवर माझा अंगठा अडला. दुसरीवरही अडला.

"वर राहिली," मी म्हणाले.

"आण इकडे, हातोडीनं बसवतो."

ठोकली की टोपी उडणार, तीही ह्यांच्या तोंडासमोर. मी दोन्ही काडतुसं मागे लपवली.

"काहून वं? बस चुकून राहिली ना माही."

"चुकू द्या. डोळे दोनच आहेत तुम्हाला."

हे पुटपुटत राहिले. मी एक रिकामं काडतूस घेऊन खिडकीशी गेले. खळग्याच्या तळाशी लाल खपली होती. काडीनं खरवडली, तर कुंकू! काल शस्त्रपूजेत सासूबाईंनी बंदुकीसोबत एकेका काडतुसालाही ओलं कुंकू लावलं होतं, तेही बोट खळग्यात दाबून. रात्रीतून ते वाळून कडक झालं होतं.

"आई, तिथं काहून लावलं वं?" ह्यांनी विचारलं.

सासूबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आग तिथूनच निघते, असं तूच सांगतलं होतं. म्हनून तिलेच म्हटलं, माह्या लेकराले सांभाळजो."

ह्यांनी हातोडी खाली ठेवली. त्या दोन टोप्या बाजूला गेल्या, बस तर केव्हाच गेली होती. डुकरं ज्वारीचं काय करायचं ते करोत, मला इतकं हलकं वाटलं की मी हसत हसत चहा टाकला आणि चुलीपाशी थोडं रडूनही घेतलं.

पुढच्या दसऱ्यापासून कुंकू बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाच लागलं. काडतुसं भरून झाली की मी अंगठा फिरवायची, आणि माझ्यानंतर सासूबाई.