बिलांपुरता लॅपटॉप

फौजेतून पेन्शनवर घरी येऊन दोनेक महिने झाले असतील. एका सकाळी बायको म्हणाली, "आवं, आमच्या गटाला एक लॅपटॉप घ्यायचाय. लय भारी नको. बिलं आन् लेबलं करायची, मराठीत टाइप व्हायला पायजे, बास. तुमी बघता का?"

तिच्या बचत गटातल्या बायका चटणी-मसाला करतात. पुण्याच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या, आणि एकेका बिलासाठी तिला तासगावला टायपिंगवाल्याकडे जाऊन ताटकळावं लागायचं. गटाच्या पैशातून घ्यायचा म्हणून परवडणारा हवा आणि सारखा बिघडणारा नको, एवढीच तिची अट.

"बघतो की," मी म्हणालो. मला एकदम हुशारी आली.

कारण त्या दोन महिन्यांत मला घरात बसवत नव्हतं. उजाडायच्या आत जाग यायची. दाढी करून, बूट घालून मी अंगणात येऊन उभा राहायचो आणि पुढं कुठं जायचं ते सुचायचं नाही. एकदा उसाला पाणी पाजायला म्हणून रानात गेलो, तर धाकट्या भावानं हातातलं खोरं काढून घेतलं. "दादा, तुमी ऱ्हावा. लय वर्सं राबलाय, आता आराम करा." त्याच्या बोलण्यात माया होती, पण बांधावर उभं राहून त्याचं काम बघत बसणं मला जमेना. माघारी आलो.

आता लॅपटॉप शोधायचं काम मिळालं. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. रॅम किती असावी, प्रोसेसर कुठला, बॅटरी किती तास चालते, कुठल्या कंपनीचं बिजागर लवकर मोडतं. एकानं चांगला म्हटलेला लॅपटॉप दुसरा बाद करायचा. जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, सारखं तेच. बायको जेवण वाढताना विचारायची, "ठरला का?" मी म्हणायचो, "दोनावर आलोय." सकाळी परत चार झालेले असायचे.

मग साताऱ्याच्या चकरा सुरू झाल्या. तिथल्या एका मोठ्या दुकानातली विक्रेती मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, बिलं आणि टायपिंगच ना? मग हा पुरेसा आहे. आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, झटपट चालू होतो. यापेक्षा महाग घेण्याची गरज नाही." मी तिला उलट दहा प्रश्न विचारले. तिनं एकाचंही उत्तर टाळलं नाही. तरी मी म्हणालो, "जरा विचार करून येतो," आणि एसटीत बसलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तोवर ते मॉडेल संपलं होतं. घरी आल्यावर मी हे असं सांगितलं, जणू चूक दुकानाचीच होती.

सणाच्या ऑर्डरी आल्या तशी बायको कावली. "कवा आणणार, ते तरी सांगा."

"घाईनं घेतलं की फसगत होते," मी म्हणालो. तिनं पिशवी उचलली आणि टायपिंगवाल्याकडे निघाली.

तिसऱ्या खेपेला मी त्याच दुकानात उभा होतो. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी चालू करून पडद्याचा उजेड बघत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला.

"मी सांगलीत हाय. घेतला लॅपटॉप."

"घेतला? मला न विचारता? कुठला घेतलास?"

"घरी आल्यावर बघा. माझी एसटी लागलीया." फोन बंद.

मी काही न सांगता दुकानातून बाहेर पडलो. डोकं तापलं होतं. स्टँडवर बाकड्यावर बसलो, उठलो, चहा घेतला, तो अर्धाच टाकला. गाडी समोर लागली होती तरी चढलो नाही, पुढची धरली. लॅपटॉप कसला घेतला असेल याचा विचार मनात येतच नव्हता. उद्या सकाळी उठून काय करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी पोचलो तर ती लॅपटॉप पुढं घेऊन बसलेली, एका बोटानं 'कांदा-लसूण' लिहीत होती. मी तसाच ओढून घेतला आणि खोड शोधायला लागलो. रॅम ठीक होती. एसएसडी होती. शेवटी म्हणालो, "पडदा फिका हाय."

"मला दिसतंय की."

"बघितलंस तरी काय घेताना?"

"दुकानातच मराठी टाइप करून बघितलं. बिघडला तर दुरुस्ती सांगलीतच व्हईल का, ते विचारलं. व्हय म्हनले, घेतला." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगली इथं हाताशी असताना तुमी साताऱ्याला का जात व्हता, ते मला कळत न्हाई व्हय? तितं जाऊन यायला सगळा दिस जातो, म्हनून. मला बिलं करायची हायत. तुमास्नी दिवस घालवायचाय."

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते आठवत नाही. दोन-तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

मग तीच एका दुपारी म्हणाली, "बसा हितं. तुमचा बायोडाटा करूया. कुपवाडला कारखान्यात माणसं घेत्यात, तुमचा दोस्तच सांगत व्हता." माझ्याबरोबर फौजेत असलेला एकजण तिथं गोदाम सांभाळतो.

नाव, गाव, शिक्षण भराभर झालं. मग तिनं विचारलं, "काय काय येतंय तुमाला?"

मला पटकन सांगता येईना. इतकी वर्षं फक्त नंबर आणि रँक सांगितली होती. ती बोट वर धरून थांबली होती. मग म्हणालो, "सामानाचा हिशेब ठेवता येतो. गाडी चालवता येते. माणसं सांभाळता येतात."

"लिवते," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर शोधत लिहीत गेली.

आता मी त्याच कारखान्याच्या गोदामात असतो. सकाळी मोटरसायकलींच्या रांगेतून मीही गेटात शिरतो. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा. फौजेसारखं काहीच नाही तिथं, पहिले काही दिवस तर सोडून यावंसं वाटायचं. अजून सुट्टीचा दिवस मला जड जातो. परवा तशाच एका सुट्टीला मी उगाच अंगणात येरझाऱ्या घालत होतो, तर ती आतून म्हणाली, "आवं, चटणीची खोकी बांधायची हायत. या." मी बूट काढले आणि आत गेलो.