शेवग्याचा पाला आणि दिवेलागण

पहिल्या खेपेला मला सातवा महिना होता. संग्रामपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी माझं सासर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि आमच्या घरचा सासूबाईंच्या चुलीपासून. पुरुषांची जेवणं झाली की आम्हा बायकांना उरे ती ज्वारीची भाकर आणि तिखट. दूध-लोणी आमच्या ताटापर्यंत येत नसे.

त्या दिवसांत सूर्य बुडाला की मला दिसेनासं होई. दिवसा मी सुईत दोरा ओवी. संध्याकाळी मात्र भिंत चाचपत चाले. बाहेरची बाधा म्हणतील, या भीतीने कुणाला सांगितलं नाही.

एकदा मनियारीण बांगड्या भरायला आली. म्हातारी, मुसलमानाची, सासूबाईंच्या जुन्या ओळखीची. तिला यायला उशीर होऊन दिवेलागण झाली होती. तिने माझा हात मागितला आणि मी तो भलतीकडेच पुढे केला.

"काऊन वं बेटी, सांजचं दिसत नाही तुले?"

"हाव," मी म्हटलं. "पंधरा-वीस दिवस झाले."

ती सासूबाईंकडे वळली. "पोटातलं लेकरू इच्या डोळ्यातलं खाऊन राह्यलं. माह्या सुनेले असंच झालतं. आमी तिले कलेजी चारली."

"आमच्यात नाही चालत."

"मंग शेवग्याचा पाला द्या, लोण्यात परतून. रोज द्या. अन् उरलंसुरलं नोका देऊ."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः पाला खुडून आणला, लोण्यात परतला आणि पुरुषांच्या आधी मला जेवायला बसवलं. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

तीनेक आठवडे गेले असतील. मी परसात उभी होते. सूर्य बुडाला. मी अंधाराची वाट पाहत राहिले, पण तो आलाच नाही. डोंगराची कड जागच्या जागी होती. मग वटवाघळं दिसली, कडुनिंबाच्या डहाळ्या दिसल्या, माझ्याच हाताची बोटं दिसली. मूठभर पाला आणि सुपारीएवढं लोणी! मला हुंदका आला.

"मले दिसून राह्यलं," मी हाक मारली.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी लांबूनच बोटं वर केली. "किती?"

"तीन."

त्या ओट्यावर टेकल्या. हळूच म्हणाल्या, "माह्या दोन्ही खेपेले मले असंच झालतं. म्या कोनाले सांगतलं नाही."