त्याले बीपी होता

पुसदमध्ये भीमसिंग राठोडचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक असेल, आवाज मात्र सगळ्यांना. ऑटोच्या टपावर भोंगे बांधून तो गावभर फिरायचा. नळाला पाणी येणार नाही, साड्यांचा सेल लागला, कुणाची गाय हरवली, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. अलीकडे उन्हाळ्यात आणखी एक काम मिळू लागलं होतं. "नागरिकांनो, उष्णतेची लाट आहे. दुपारी घराबाहेर पडू नका. डोकं झाका, पाणी पीत राहा." हे तो इतक्या कळकळीनं म्हणायचा की पानठेल्यावरची माणसंही क्षणभर वर बघायची.

त्याला ते खोटं वाटत नव्हतं. विचारलं तर तोच सांगे, "पह्यलेसारखं ऊन नाही राह्यलं भाऊ. आता अंगावर येते." पण घरी बायको, बसंतीबाई, म्हणाली की पत्र्याखाली जीव चालला, तर हसायचा. "आपण उन्हातच जल्मलो. आपल्याले काय होते?" दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत आणि एकमेकींशी कधी बोलत नसत.

मे महिन्यात थोरल्या भावाच्या, रामसिंगच्या, मुलीचं लग्न निघालं. मुलगी वर्षा. मुहूर्त भर दुपारचा. बसंतीबाई म्हणाली, "संध्याकाळी ठेवा ना." भीमसिंगनंच मोडता घातला. "पाव्हण्याइले वापस जा लागते. अन् सारी दुनिया दुपारीच लग्न करते."

लग्नाच्या सकाळी त्यानं शहरात लाटेची सूचना फिरवली. मग शहराबाहेरच्या आपल्या तांड्यावर येऊन त्याच भोंग्यांवर नाचाची गाणी लावली. वरात तांड्याच्या तोंडाशी आली तेव्हा पायाखालचं डांबर मऊ झालं होतं. नवरदेवाकडची मंडळी नाचायला लागली ती थांबेचनात. माइकवरून भीमसिंग चेव देत होता, "अजून एक होऊन जाऊ द्या!"

मांडवाच्या दारात रामसिंग फेटा बांधून, नवा कोट घालून स्वागताला उभा होता. मुलीचा बाप म्हणून त्याचा उपास होता. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. भीमसिंगला तो समोर दिसत होता. सगळे घामानं निथळत होते आणि भावाचा चेहरा मात्र कोरडा, लालबुंद. हे त्याला दिसलं. तरी त्यानं पुढचं गाणं लावलं.

त्या गाण्यातच रामसिंग कुणाशी तरी भांडल्यासारखा बडबडू लागला आणि गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला.

दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी अंगाला हात लावून झटकन मागे घेतला. "उष्माघात आहे. एवढा वेळ यांना उन्हात उभं कोणी केलं?"

वर्षा हळदीच्या अंगानं भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त बापाचा फेटा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

भेटायला येणाऱ्यांनी रामसिंगच्या घरची ओसरी भरली. कुणी म्हणे वेळ भरली होती, कुणी म्हणे दगदग झाली. यवतमाळहून आलेल्या एका नातेवाइकानं विचारलं, "पण झालं तरी काय?"

"त्याले बीपी होता," भीमसिंग म्हणाला.

स्वच्छ, ठाम आवाज. सगळ्यांनी माना हलवल्या. ओसरीवरचं ओझंच उतरलं जसं. त्यालाही हलकं वाटलं.

आतून वहिनी दारात आली. "कोणाले बीपी होता?"

भीमसिंग उठू लागला.

"या घरात एक गोळी तरी पाह्यली का तुमी? लग्नाच्या सकाळीच तर साऱ्या गावाले सांगून आले, उन्हात नका जाऊ. तुमाले मालूम होतं ना, भाऊजी?"

"मालूम होतं."

"मंग?"

भीमसिंगनं तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. आपण खोटं बोललो याचा त्याला धक्का नव्हता. ते बोलायला काहीच कष्ट पडले नाहीत, आणि बोलताना ते अगदी खरं वाटलं, याचा होता. बसंतीबाईनं त्याला धरून खाली बसवलं.

आठवड्याभरानं तो तांड्याच्या नायकाकडे, किसनसिंगकडे, गेला. "दुपारच्या वराती बंद करा, नायक."

"तुयं दुःख समजते मले," नायक म्हणाला. "पण रामसिंगले तं बीपी होता ना?"

गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती. मग भीमसिंग घरोघर गेला. "नाही. तो ऊन लागून मेला. मी समोर होतो, गाणे वाजवून राह्यलो होतो." काहींनी ऐकून घेतलं. बऱ्याच जणांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शोकानं माणूस भ्रमला म्हणून चहा दिला.

वर्षाचं अडलेलं लग्न पुढं एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर लागलं. उशीर झाला म्हणून पाव्हणे कुरकुरले. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.