घोडीचं औषध आणि नवरदेव

आमची घोडी वरातीला जाते. बावड्याच्या वरातीत तिला गोमाशा चावल्या आणि तिनं नवरदेव उकिरड्यावर टाकला. आता लासुर्ण्याच्या वरातीतही तसंच झालं तर पुढं कुणी बोलावणार नाही, म्हणून सासरे धास्तावले. मी कडुलिंबाचा पाला उकळून गाळला, त्यात करंजाचं तेल आणि ठेचलेला लसूण घालून घोडीला कानापासून शेपटीपर्यंत चोळलं.

वरातीत घोडी नंदीसारखी शांत उभी. नवरदेवाला मात्र सगळ्यांनी पेढे भरवले होते. साऱ्या माशा त्याच्या तोंडावर बसल्या आणि तो स्वतःच्याच थोबाडीत मारत सुटला.

सासरे मला म्हणाले, “सूनबाई, उरलं असंल तर ह्यालाबी चोळ.”

नवरदेवाची आई सासऱ्यांना म्हणाली, “तात्या, धाकट्याच्या लग्नालाबी हीच घोडी आणा. औषध मात्र दोघांनाबी लावा.”