फुवाच्या टोपीची सीडी

नवऱ्याचा फुवा जाऊन आता कितीक वर्षं झाली, तरी त्याचं नाव निघालं की माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेलेल्या माणसाले नावं ठेवू नको, असं सासू म्हणते. मी ठेवते.

हा नवऱ्याच्या आत्याचा नवरा. माह्या लग्नापासून त्याचं एकच रडगाणं. "सुनेच्या बापानं मले टॉवेल-टोपी केली नाही. भर मांडवात माहा अपमान केला!" आमच्याकडं लग्नात सोयऱ्याच्या डोक्यावर टोपी अन् खांद्यावर टॉवेल पडला नाही तं बोलचाल बंद होते. बारसं असो का तेरवी, फुवा पंगतीत बसला की सुरू. माहा बाप मानोऱ्याकडचा, मुलखाचा भिडस्त. त्यानं माह्या घरी येणंच सोडलं. कारंजाच्या बाजारात यायचा, पण माह्या दारात नाही. नातू झाला, तोही दवाखान्यातच पाहून गेला. मले बाप माह्या घरी पाटावर बसून जेवताना पाहायचा होता. बस.

लग्नाची सीडी होती, पण काय कामाची! त्या वक्ती अडीच तासांचं लग्न दोन सीडीत कोंबत. माणसाच्या तोंडाचे नुसते चौकोन. टोपी घालणारा हात दिसे, पण डोस्कं कोणाचं ते समजे नाही. फुवा टीव्हीले बोट लावून म्हणे, "दाखवा न मी कुठं हाओ!"

नवरा लग्नाचं शूटिंग अन् मिक्सिंग करे. आमच्या लग्नाची मूळ कॅसेट दुकानाच्या कपाटात पडून होती. मी म्हटलं, डीव्हीडीसारखं साफ काढून द्या. तं म्हणे, "आपल्याजवळ डीव्हीडी रायटर कुठं हाय? अन् जुनं कायले उकरून राह्यली?" तुमचा बाप नाही न लेकीच्या घरी येवाचा थांबला, म्हटलं.

मंग मीच शिकली. साध्या कोऱ्या सीडीवरही डीव्हीडीसारखं चित्र बसते, फक्त तासाभराच्या जागी वीसेक मिनिटं मावतात. मले टोपी-टॉवेलचे तेवढेच पाह्यजे होते. कॉम्प्युटर दिवसभर घरघरे, अन् काम होत आलं की लोडशेडिंग. पुन्हा पहिल्यापासून. दुकानातल्या भारी प्लेअरनं सीडी बाहेर फेकली. घरचा स्वस्तातला प्लेअर मात्र काहीही गिळे. त्यात पहिलं मिनिट चाललं, फुवाचं डोस्कं दिसलं, अन् मी बंद केलं. बाकी सगळ्यांसमोरच पाहू, म्हटलं.

दिराच्या साखरपुड्याले गोतावळा जमला. जेवणं झाली, फुवानं रडगाणं काढलं अन् मी सीडी लावली. पाह्यतात तं काय! माहा बाप वाकून फुवाच्या डोक्यावर टोपी ठेवून राह्यला, खांद्यावर टॉवेल. फुवाच्या मिशीचा केस न् केस दिसे. बाप पुढच्या सोयऱ्याकडं वळला, तशी फुवानं टोपी काढली, टॉवेलनं आपल्या चपला पुसल्या अन् दोन्ही खुर्चीखाली फेकलं.

"बंद कर ते!" फुवा ओरडला. रिमोट माह्या हातात होता. मी मागं घेतलं अन् पुन्हा लावलं. आत्याबाई, त्याचीच बायको, पदर सावरत म्हणे, "आणखी एकदा लाव वं." लावलं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

या वक्ती मी मागं घेतलं नाही, सीडी पुढं गेली. बाप परत आला. खुर्चीखालची टोपी अन् टॉवेल उचलून झटकला, घडी केली, कोणी पाह्यलं तं नाही म्हणून इकडंतिकडं पाह्यलं अन् सदऱ्यात लपवला.

मी तशीच उठून आत गेली अन् बापाले फोन लावला. "बाबा, तुमाले माहीत होतं? मंग इतके वर्षं बोलले काहून नाही?"

बाप म्हणे, "तुई बिदाई व्हाची होती, बाई. अन् मंग तुले त्याच घरात नांदाचं होतं."

बाहेर आली तं फुवा दारात चपला घालून राह्यला होता.

"फुवाजी, जाऊ नका," मी म्हटलं. "उद्या माहा बाप इथं जेवाले येऊन राह्यला. त्याच्या ताटात तुमी वाढाचं."