शब्द मागे घेणारा दुभाषी

धारवाडच्या सेशन कोर्टात मुकुंदराव एकोणीस वर्षं दुभाषी होते. साक्षीदार कन्नडात बोले, ते जज्जसाहेबाला इंग्रजीत सांगत. कुठे अडायचं नाही, याचा त्यांना गर्वच होता.

१९३४ साली महादेव तेल्यावर खुनाचा खटला उभा राहिला. त्याचा शेजारी निंगप्पा विहिरीत मेलेला सापडला होता. पडला की कुणी ढकलला, पाहिलं कुणीच नव्हतं. निंगप्पाची बहीण साक्षीत म्हणाली, “आदल्या दिवशी अण्णा म्हणाला, महादेव नन्न जीवा तिंतान.”

कोर्ट गच्च भरलं होतं. मुकुंदरावांनी इंग्रजीत सांगितलं, “महादेव माझ्या जिवावर उठला आहे.” महादेवाचा वकील कोकणातला, त्याला कन्नड येत नव्हतं. साहेबांनी वाक्य लिहून घेतलं.

संध्याकाळी मुकुंदराव चष्मा शोधत होते. चार वेळा विचारल्यावर वत्सलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “किती जीव खाता हो माझा!”

मुकुंदरावांनी चष्मा शोधणं सोडून दिलं. निंगप्पाही कन्नडात एवढंच म्हणाला होता: महादेव माझा जीव खातो.

सकाळी त्यांनी कोर्टाच्या मुख्य कारकुनाला, शिरस्तेदारांना गाठून चूक सांगितली. “लिहिलेलं बदलायला जाल तर नोकरी घालवून बसाल,” शिरस्तेदार म्हणाले.

कोर्ट भरताच मुकुंदराव उभे राहिले. “साहेब, काल मी चुकीचं सांगितलं. ‘माझं डोकं खातो, मला हैराण करतो,’ एवढाच त्याचा अर्थ.”

साहेब संतापले. “काल कळलं नव्हतं?”

“कळलं होतं, साहेब. पण जोरदार शब्द सापडला आणि तो मला आवडला.”

साहेबांनी निंगप्पाच्या बहिणीला परत बोलावून विचारलं, महादेव कशावरून हैराण करायचा?

“पाण्याच्या पाळीवरून,” ती म्हणाली. “अण्णा तर माझ्याबद्दलसुद्धा तस्संच म्हणायचा!”

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी कालच्या ओळीवर काट मारली. दुसरा पुरावा नव्हताच; तिसऱ्या दिवशी महादेव सुटला. पायऱ्यांवर तो मुकुंदरावांच्या पाया पडायला वाकला, तसे ते मागे सरले. “अरे, फासाजवळ तुला मीच नेलं होतं!” महादेवाने ऐकलं नाही. त्याने त्यांना कडकडून मिठी मारली आणि दोघेही भर उन्हात रडले, हसले.

मुकुंदरावांची नोकरी टिकली. पुढे अवघड बोल आला की ते हात वर करून म्हणत, “थांबा, शब्द शोधतोय.” आणि साहेबांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळं कोर्ट थांबायचं.