कुंभिवलीजवळची पोपटी आणि शेतात येऊ घातलेलं डेटा सेंटर

जानेवारीत पोपटीचं, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगांचं, आमंत्रण आलं की कामाच्या सबबी सांगायच्या नसतात. वैशालीचा फोन आला, "शनिवारी घरी ये, नाना बोलावतायत," आणि मी पिशवी भरली. वैशाली माझी कॉलेजची मैत्रीण. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये यंत्रं थंड ठेवायचं काम बघते आणि आठवडाभर तिथेच भाड्याच्या खोलीत राहते. नाना तिचे वडील. आई गेल्यापासून गावच्या घरी एकटेच असतात.

तुम्हाला यायचं असेल तर पनवेलहून जुन्या रस्त्याने खोपोलीला जाणारी एसटी धरा. चुकून एक्सप्रेस वेची गाडी पकडलीत तर थेट लोणावळ्यात चिक्की खात बसाल. खालापूर फाट्यावर उतरा, तिथून कुंभिवलीकडे शेअर रिक्षा मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा टपरीवर निवांत चहा घ्या. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

नानांचं शेत हायवेपासून जरा आत आहे. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवरच ते वाल पेरतात. त्यामुळे आजूबाजूला सगळं वाळलेलं आणि मध्ये हा हिरवा तुकडा, बघूनच मन खूश झालं. संध्याकाळी मडकं आलं. खाली भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ. येताना मी एआयला कृती विचारून ठेवली होती, म्हणून शहाणपणा केला, "नाना, कपभर पाणी घालायचं ना?"

"कुनी सांगितलं गं?"

"एआयने. फोनमध्ये."

"पोपटीत पानी! त्याला म्हनावं, एकदा येऊन खाऊन जा."

वैशाली पोट धरून हसली. मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करून ते उलटं ठेवलं, भोवती गवत पेटवलं आणि मग खरा विषय निघाला. गावात डेटा सेंटर येणार म्हणतात आणि जमिनीच्या दलालाला त्यासाठी नेमकं हेच शेत हवंय. ते झालं तर वैशालीला घरून डबा घेऊन जाता येईल अशी नोकरी मिळेल.

"पानी किती पितं गं तुझं सेंटर?" नानांनी विचारलं.

"सगळी सारखी नसतात. काही ठिकाणी तेच पाणी फिरवून वापरतात, पण मग वीज जास्त लागते. आणि इथले फार्महाऊसवाले पोहायचे पूल भरतात तेव्हा कुनी बोलत नाय."

"पूल मे महिन्यात रिकामा ठेवता येतो. तुझी मशीनं बंद ठेवशील?"

"नाय ठेवता येत. उलट तेव्हाच त्यांना थंडावा जास्त लागतो."

मी तर रजेचा अर्जसुद्धा अशाच सेंटरवर चालणाऱ्या एआयकडून लिहून घेतला होता, कोणत्या तोंडाने बोलणार! पोपटी अप्रतिम झाली. बाप-लेक मात्र फुगून बसले होते. तरी नाना अंडी सोलून तिच्याच पानात टाकत होते.

सकाळी चहाच्या वेळी नाना म्हणाले, "मी दलालाला हो सांगतो. मी किती वर्सं शेती करनार? तू घरी तरी येशील."

वैशालीने कप खाली ठेवला. "नको. उन्हाळ्यात तिथं काय लागतं ते मी रोज बघते. पाणी कुठून घेणार ते कंपनीने आधी गावाला लेखी सांगावं. तोवर सही करायची नाय."

"अगं, तूच काल..."

"काल मला घरी यायचं होतं. आजपन यायचंय."

एका रात्रीत दोघांनी बाजू बदलल्या होत्या, आणि आता त्यावरून नवं भांडण! मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. नंतर तिने मला स्कूटरवरून चौकमार्गे कर्जतला सोडलं. तिथे गरम बटाटेवडा खाऊन, कर्जतहूनच सुटणारी लोकल पकडा. खिडकी मिळते.

घरी आल्यावर मी एआय सोडलं का? नाही, खोटं कशाला बोलू. फक्त हा लेख लिहायला त्याला सांगितलं नाही. आणि पाणी की नोकरी, या वादाचा निकाल मला अजूनही लावता येत नाही. पाण्याबद्दल कंपनीचं लेखी उत्तर आलेलं नाही, शेत तसंच आहे आणि वैशाली ऐरोलीतच आहे. नाना दर शुक्रवारी तिला फोन करतात, "आलं का गं उत्तर?" ती नाही म्हणाली की म्हणतात, "मग उद्या लवकर निघ."